नारळ वाढवणे, मोची उघडणे

देवापुढे नारळ ‘फोडला’ म्हणायचे नाही, ‘वाढवला’ म्हणायचे; बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’. लहानपणी आजीने लावलेली ही शिस्त मला जपानी क्रियापदांची टिपणे काढताना पुन्हा आठवली.

वस्तू वेगळी करण्यासाठी जपानीत अनेक क्रियापदे आहेत. धारेने कापणे ते ‘किरु’. फोडणे, दुभागणे ते ‘वारु’. लाकूड, अंडे, बशी यांना हेच चालते आणि भागाकारालाही त्यावरूनच ‘वारिझान’ म्हणतात. कापड टरकावणे, मासा उभा चिरणे ते ‘साकु’. कागद फाडणे ते ‘याबुरु’. वचन मोडले तरी तेच.

या शब्दांत अवजारांचा इतिहास आहे. मध्ययुगापर्यंत जपानी सुतार फळ्या कापत नसत. हिनोकी, सुगी यांसारख्या सरळ रेषांच्या लाकडात पाचर ठोकून ती फोडून काढत. म्हणजे फळी ‘वारु’ची. पंधराव्या शतकाच्या सुमारास दोघांनी ओढायची मोठी करवत, ‘ओगा’, रुळली आणि वेड्यावाकड्या रेषांच्या लाकडाच्याही फळ्या निघू लागल्या. करवतीने कापण्याचे क्रियापद झाले ‘हिकु’. त्याचा मूळ अर्थ ओढणे. जपानी करवत आजही ओढतानाच कापते.

अवजारांप्रमाणे भीतीही क्रियापद बदलते. नववर्षाला तांदळाच्या मोचीचे दोन गोल गोळे एकावर एक ठेवून देवाला वाहतात. त्यांना ‘कागामी मोची’, म्हणजे आरसा-मोची, म्हणतात. सामुराई घराण्यांत ती चिलखतापुढे मांडत. पुढे ती वाळून दगडासारखी होते. पण तिला सुरी लावायची नाही, कारण ‘किरु’ म्हटले की पोट चिरून घेण्याची आठवण. म्हणून हाताने किंवा लाकडी हातोडीने ठोकायची. प्रत्यक्षात हे ‘वारु’च; पण फुटणेही अशुभ. म्हणून शब्द निवडला ‘हिराकु’, उघडणे. या विधीचे नाव ‘कागामीबिराकी’. तो पूर्वी वीस तारखेला होई. शोगुन इएमित्सु 1651 मध्ये चौथ्या महिन्याच्या वीस तारखेला वारला, म्हणून तो अकरावर आणला, असे सांगतात.

1876 च्या हुकमाने सामुराईंच्या कमरेची तलवार उतरली. शब्दातली धार मात्र तशीच राहिली. आजही जपानी लग्नात केक ‘कापला’ म्हणत नाहीत. ‘न्यूतो’ म्हणतात, म्हणजे सुरीचा प्रवेश.

कोशात ‘किरु’पुढे ‘कापणे’ लिहिले की अर्थ भरतो, पण तो शब्द कुठे टाळायचा, हे कोश सांगत नाही. ते तिथेही घरातूनच शिकावे लागते. माझ्या आजीने मला शिकवले तसे.