पस्तिसावा हिस्सा : एका रणगाड्याची पाठचिकित्सा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून एक रणगाडा बांधला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. युद्धशास्त्राशी आमचा संबंध एवढाच, की विद्यार्थ्यांची सहल घेऊन एकदा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात गेलो होतो आणि तिथल्या चर्चिल रणगाड्यापाशी बराच वेळ रेंगाळलो होतो. पुढे एका माजी विद्यार्थ्याने प्लास्टिकच्या सुट्या भागांचा एक खोका भेट म्हणून आणून दिला. खोक्यावर जर्मन 'टायगर'चे चित्र होते. चार दिवसांचा विरंगुळा म्हणून हाती घेतलेले हे काम तीन महिने पुरले, आणि त्या तीन महिन्यांत वर्गात शिकवत असलेल्या पाठचिकित्सेकडे आम्हांला नव्याने पाहावे लागले. त्याचा हा वृत्तान्त.

पहिला प्रश्न होता, कोणता टायगर? १९४२ ते १९४४ या काळात या जातीचे सुमारे १३५० रणगाडे तयार झाले आणि त्यांची रचना महिन्यागणिक बदलत गेली. तेव्हा 'टायगर' ही संहिता नव्हे. ते एका संहिताकुळाचे नाव आहे. आम्ही त्यातली एक निश्चित प्रत निवडली : इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयात असलेला 'टायगर १३१'. बुरुजावरचा हा आकडा म्हणजे पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा. कासेल येथील हेन्शेल कारखान्यात तो फेब्रुवारी १९४३ मध्ये पूर्ण झाला, ५०४ व्या जड रणगाडा बटालियनबरोबर ट्युनिशियात उतरला आणि एप्रिल १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या हाती पडला. सहावे जॉर्ज आणि चर्चिल यांनी तो ट्युनिसमध्ये पाहिला. त्याच वर्षी तो इंग्लंडला नेऊन तज्ज्ञांनी खोलून तपासला. १९५१ मध्ये तो संग्रहालयात आला, दीर्घ दुरुस्तीनंतर २००३ मध्ये पुन्हा स्वतःच्या बळावर चालला आणि २०१४ च्या 'फ्युरी' या चित्रपटातही दिसला.

प्रतिकृतीचे प्रमाण १:३५. हा आकडा शास्त्रीय वाटतो खरा, पण त्याचा उगम बाजारातला आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी मोटारीवर चालणारा 'पँथर' रणगाडा खेळणे म्हणून काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात एवढ्याच हिशेबाने त्याचा आकार ठरला होता. मागाहून मोजले तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. तेच प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. छंदशास्त्रात एखादी सवय कालांतराने नियम बनते, तसेच हे.

या हिशेबाने तोफेसह ८.४५ मीटर लांबीचा टायगर २४ सेंटिमीटरचा होतो. समोरचे १०० मिलिमीटर जाडीचे चिलखत तीन मिलिमीटरहून कमी भरते आणि माणूस पाच सेंटिमीटरचा. वजनाचा हिशेब मात्र निराळा. तिथे पस्तीसचा घन आड येतो आणि सत्तावन्न टनांचे केवळ सव्वा किलो उरते. लांबी विश्वासाने लहान करता येते. भार त्याच हिशेबाने लहान होत नाही, हे आमच्या लक्षात आलेले पहिले सत्य.

कामाचा निम्मा वेळ चाकांनी घेतला. टायगरच्या प्रत्येक बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन चाके, म्हणजे एका बाजूला चोवीस. ती एकमेकांत अशी गुंतवलेली की आतले चाक बदलायचे तर बाहेरची कित्येक आधी काढावी लागत. शिवाय दर बाजूच्या पट्ट्याला शहाण्णव कड्या. प्रत्येक कडी चौकटीतून कापायची, तिच्यावरचा साच्याचा ओरखडा कानशीने घासायचा आणि मग पुढच्या कडीला जोडायची. हे करताना रणांगणावरचे कारागीर आठवत राहिले. चिखलात रुतलेल्या या चाकांशी त्यांनी रात्रीच्या काळोखात कशी झटापट केली असेल, याची कल्पना रणनीतीवरचा एखादा ग्रंथ वाचून आली नसती. ती बोटांनी दिली.

यानंतरचा प्रसंग आम्ही आता पाठचिकित्सेच्या तासाला सांगतो. खोक्याबरोबर, टायगरच्या अंगावर असतो तसा खडबडीत लेप देण्याचे साहित्यही आले होते. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून जर्मन कारखाने चिलखतावर हा 'झिमरिट' थापत. बहुतेक छायाचित्रांत तो दिसतो, आणि त्याच्यामुळे प्रतिकृतीला भारदस्तपणाही येतो. आम्ही तो लावण्याच्या बेतात असताना तारीख आठवली. झिमरिटचा वापर १९४३ च्या उत्तरार्धात सुरू झाला. आमचा रणगाडा तोवर ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेला होता. म्हणजे हा लेप निखळ प्रक्षेप ठरला असता. सुंदर, अनुरूप, आणि खोटा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे जे अडचणीचे पाठ होते, ते सगळेच गबाळे असतील असे नाही. पुष्कळ प्रक्षेप मुळाइतकेच गोड असतात, म्हणून तर ते टिकतात.

गंजाचेही तेच. प्रतिकृती बांधणाऱ्यांना गंज, तेलाचे ओघळ आणि उडालेल्या रंगाचे टवके यांचा मोठा सोस असतो, कारण सारे कौशल्य तिथेच दिसते. आम्हीही स्पंजाने टवके उमटवायला बसलो. पण फेब्रुवारीत कारखान्यातून निघालेला आणि एप्रिलमध्ये पकडला गेलेला हा रणगाडा जेमतेम अडीच महिन्यांचा होता. त्याच्यावर ट्युनिशियाची धूळ हवी, गोळ्यांचे घाव हवेत. वर्षानुवर्षांचा गंज त्याला कुठून येणार? नव्या कागदाला चहाच्या पाण्यात बुडवून जुने हस्तलिखित करावे, तसा तो उद्योग झाला असता. रंग कोणता द्यावा हाही वादाचा विषय आहे. त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल, आणि मूळ रणगाडा नंतर पुनःपुन्हा रंगवला गेलेला. प्रत्यक्ष वस्तू डोळ्यांसमोर उभी असली तरी ती मूळ पाठ असतेच असे नाही. तिच्यावरही नंतरच्या हातांच्या दुरुस्त्या असतात.

याच रणगाड्याने तारखेचा धडाही शिकवला. सहा पौंडी तोफेचा एक गोळा त्याच्या तोफेखाली आदळून बुरुज आणि धड यांच्या सांध्यात अडकला, बुरुज फिरेनासा झाला आणि आतले लोक तो टाकून गेले. ते घाव आजही दिसतात. ही घटना २१ एप्रिल १९४३ रोजी जेबेल जाफा येथे घडली, असे कित्येक दशके छापले जात होते. पुढे त्या मोहिमेत लढलेल्या एका ब्रिटिश पायदळ सैनिकाचा मुलगा संग्रहालयात आला. समोरचा रणगाडा आणि वडिलांनी सांगितलेली हकिकत यांचा मेळ त्याला जाणवला. त्याने कागदपत्रे आणि छायाचित्रे धुंडाळली, प्रत्यक्ष भूमी पाहिली, आणि रणगाडा २४ एप्रिल रोजी 'पॉइंट १७४' या टेकडीवर शेरवुड फॉरेस्टर्सच्या पायदळाने ताब्यात घेतला, असे दाखवून दिले. संग्रहालयाने हा पाठ स्वीकारला. फरक तीन दिवसांचा आणि एका टेकडीचा. पण त्या तीन दिवसांत श्रेय एका पलटणीकडून दुसरीकडे जाते, आणि घरात सांगितली गेलेली एक गोष्ट इतिहासात जमा होते.

इथे पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्यासांची मूळ प्रत देण्याचा दावा करत नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून पोहोचता येईल तितका जुना पाठ ती देते आणि वगळलेले पाठ तळटीपांत जपून ठेवते. सुकथनकरांची थोरवी जितकी निवडीत, तितकीच या जपण्यात आहे. प्रतिकृतीची अडचण अशी की तिला तळटीप नसते. ती एकच पाठ मोठ्या आत्मविश्वासाने समोर ठेवते.

आणि ती काय वगळते? काम संपले तेव्हा रणगाडा आमच्या टेबलावर देखणा दिसत होता. एका विद्यार्थिनीने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "सर, हा ज्यांनी बनवला ते कोण होते?" तिला खोक्यातल्या प्रतिकृतीविषयी विचारायचे असावे, पण प्रश्न आम्हांला दुसरीकडे घेऊन गेला. हेन्शेलच्या कारखान्यात जिंकलेल्या देशांतून आणलेले वेठीचे मजूर राबत होते. त्यांच्या बोटांचा ठसा पस्तिसाव्या हिश्श्यात उतरत नाही. हा रणगाडा पकडला जाण्याच्या चारच दिवस आधी, त्याच ट्युनिशियात जेबेल गार्सीच्या डोंगरावर चौथ्या भारतीय डिव्हिजनमधील राजपुताना रायफल्सचे कंपनी हवालदार मेजर छेलूराम यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे मोडले, जखमी होऊनही कंपनीचे नेतृत्व केले आणि तिथेच प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टायगरच्या प्रत्येक बोल्टची जागा आम्हांला पाठ झाली होती. छेलूरामांचे नाव मात्र आम्हांला या निमित्ताने पहिल्यांदा कळले, हे सांगताना संकोच वाटतो. ज्या यंत्राने माणसे मारली त्याचे तपशील जगभर इतक्या प्रेमाने जपले जावेत आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्यांचे अस्पष्ट होत जावेत, यात केवळ छंदिष्टांचा दोष नाही. पोलाद मोजता येते, म्हणून ते टिकते.

प्रतिकृती टाकून द्यावी असे आम्हांला वाटले नाही. अचूकतेच्या हट्टानेच तर आम्हांला त्या तारखेपर्यंत आणि तिथून त्या डोंगरापर्यंत नेले. आम्ही रणगाड्याची झाकणे उघडी ठेवली आणि आत एकही जर्मन सैनिक बसवला नाही. पॉइंट १७४ वर तो असाच रिकामा सापडला होता. मग लाकडी पाटावर एक चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिले : 'टायगर १३१, पॉइंट १७४, २४ एप्रिल १९४३. जुना पाठ : जेबेल जाफा, २१ एप्रिल.' त्याखाली बारीक अक्षरात एक तळटीप दिली : 'कं. ह. मे. छेलूराम, जेबेल गार्सी, २० एप्रिल १९४३.' विभागात येणारा प्रत्येक जण आधी रणगाडा पाहतो आणि मग वाकून खालची ओळ वाचतो. ती इथे का, असे कोणी विचारले तर तास सुरू होतो.