पोथी गेली, मांडणी विस्कटली : बॅकअपची गोष्ट

सर्व्हरच्या बॅकअपचा इतिहास आपण बहुतेक वेळा अमेरिकेपासून सांगतो. परतवाड्यात बोलताना मात्र तो रिद्धपूरपासून सांगता येतो. चांदूर बाजारच्या पलीकडे, मोर्शी तालुक्यातलं हे गाव. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. लीळा मिळाल्या, पण पाठ अनेक झाले. कुठे शब्द वेगळे, कुठे क्रम वेगळा.

आता क्लस्टरकडे येऊ. क्लस्टर म्हणजे एकजुटीनं काम करणारे अनेक सर्व्हर. त्यात माहिती वेगळी आणि मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, वेगळी. कोणती सेवा कुठे चालणार, कोण कोणाशी बोलणार, कुणाला काय परवानगी, हे सगळं त्या मांडणीत असतं. माहिती शाबूत आणि मांडणी गेलेली, तर कारभार ठप्प. मग कुणीतरी आठवून आठवून सगळं बसवतो. म्हणजे पुन्हा पाठभेद आलेच!

यावर साधनं हळूहळू घडत गेली. 1979 च्या सातव्या युनिक्समध्ये टार आलं. अनेक फायलींचं एक गाठोडं बांधून ते टेपवर ठेवता येऊ लागलं. 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक आणलं. ते फायलीचा बदललेला भाग तेवढा पाठवतं. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं गिट आलं, आणि कुणी, कधी, काय बदललं याची वही राहू लागली.

आजच्या कुबरनेटिस क्लस्टरची मांडणी सहसा एटसीडी या साठ्यात असते. तो तीन सर्व्हरवर असला, तर मग बॅकअप कशाला, असं आपल्याला वाटतं. तिघांपैकी एक बंद पडला तरी काम चालतं, हे खरं. पण एखादी नोंद चुकून पुसली, तर ती तिन्हीकडून पुसली जाते. म्हणून एटसीडीचा स्नॅपशॉट काढून तो क्लस्टरच्या बाहेर, कुलपात ठेवायचा; कारण त्यात पासवर्डही असतात.

आणि ठेवून विसरायचं नाही. पोथीचं पारायण व्हायचं, तेव्हा गहाळ पान लगेच कळायचं. तसा हा स्नॅपशॉट अधूनमधून रिकाम्या यंत्रावर उभा करून पाहायचा. उभा राहिला, तरच आपल्याकडे बॅकअप आहे असं म्हणायचं.