तेरचं मडकं आणि डॉकरचा डबा

२०२३ सालची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेनवाला कळंबकडून बापूचा फोन. (बापू म्हणजे आमचा चुलतभाऊ, नातेवाईक मंडळी ओळखतातच.) "आरं, बिलं माघारी आली की समदी. जिल्ह्याचं नाव जुनंच छापून यायलंय."

बापू गावातलं दूध गोळा करून पुढे खव्यासाठी देतो. त्याच्या बिलांचं अ‍ॅप मीच लिहिलेलं, घरचा कारभार! सप्टेंबरमध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, तेव्हा मी यादीत ते लगेच बदललंही होतं. माझ्या लॅपटॉपवर धाराशिव दिसत होतं आणि सर्व्हरवर उस्मानाबाद. तिकडे सणाच्या तोंडावर चाळीस घरांचे दुधाचे पैसे अडकलेले.

"माझ्याकडे तर चालतंय" हे आम्हा प्रोग्रॅमर लोकांचं सगळ्यात जुनं रडगाणं. कंटेनरचा जन्म बराचसा त्यावरचा उपाय म्हणूनच झाला, पण त्याची मुळं बरीच मागे जातात. १९७९ च्या युनिक्समध्ये 'सीएचरूट' नावाची सोय आली. प्रोग्रॅमला एका फोल्डरमध्ये कोंडायचं आणि सांगायचं, बाबा रे, हेच तुझं जग. २००० साली फ्रीबीएसडीने त्याची भिंत पक्की केली आणि नावही सरळ 'जेल' ठेवलं. २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात 'सीग्रुप्स' आले. कुणी किती मेमरी खायची, किती प्रोसेसर वापरायचा, याची वाटणी त्याने होऊ लागली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने अमेरिकेतल्या पायथॉनच्या परिषदेत जेमतेम पाच मिनिटांत डॉकर दाखवलं आणि हे सगळं सामान्य प्रोग्रॅमरच्या हातात आलं. कल्पना जहाजावरच्या कंटेनरची. १९५६ साली माल्कम मॅकलीनने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, तीच. एकदा पेटी भरली की आत काय आहे याची बंदराला फिकीर नाही.

दुसरीकडे एक उलटी चाल चालू होती. अनेक प्रकल्पांचा कोड एकाच ठिकाणी ठेवायचा, म्हणजे मोनोरेपो. २०१५ च्या सुमारास गूगलच्या अशा एकाच भांडारात सुमारे २ अब्ज ओळी होत्या. फायदा एकत्र कुटुंबासारखा. सामाईक गोष्ट एकदा बदलली की सगळ्यांना मिळते. मीही बापूचं अ‍ॅप, मामांच्या दुकानाचा हिशेब आणि गावांची-जिल्ह्यांची सामाईक यादी एकाच रेपोत ठेवली होती.

म्हणजे एकीकडे वाडा, दुसरीकडे प्रत्येकाचा वेगळा डबा. घोळ झाला तो या दोघांच्या सांध्यावर.

आधी संशय कॅशवर गेला. डॉकर आधीचे थर पुन्हा वापरतं, म्हणून कॅश बंद करून इमेज नव्याने बांधली. तरी उस्मानाबादच! मग चालू कंटेनरच्या आत शिरून यादीची फाइल उघडली. जुनी. बाहेर रेपोत तीच फाइल नवी. तेव्हा कुठे आठवलं. डॉकर इमेज बांधताना तुम्ही दाखवलेल्या फोल्डरच्या आतलंच बघतं, त्याच्या बाहेर हात घालू देत नाही. ते फोल्डर म्हणजे 'बिल्ड कॉन्टेक्स्ट'. मी दाखवत होतो फक्त बापूच्या अ‍ॅपचं फोल्डर आणि सामाईक यादी होती त्याच्या बाहेर. वर्षभरापूर्वी याच कारणाने बिल्ड अडलं, तेव्हा यादीची एक प्रत 'तात्पुरती' आत टाकली होती. लॅपटॉपवर अ‍ॅप कंटेनरशिवाय चालायचं आणि खरी यादी वाचायचं. डब्यात मात्र ती शिळी प्रत.

उपाय दहा मिनिटांचा. प्रत काढून टाकली. बांधणी रेपोच्या मुळापासून सुरू केली, डॉकरफाइलचा पत्ता वेगळा दिला आणि सामाईक फोल्डर उचलायला सांगितलं. आता सगळा रेपोच आत जाऊ लागला, म्हणून नको त्या फोल्डरांची 'डॉकरइग्नोर' यादीही मुळाशी आणून ठेवली. चालू कंटेनरमधलीच फाइल हाताने बदलायचा मोह झाला होता, पण पुढच्या वेळी इमेजमधून पुन्हा जुनंच नाव वर आलं असतं.

त्या रात्री तेर आठवलं. आपल्याच जिल्ह्यातलं. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात ते 'तगर' म्हणून येतं. इथलं कापड गाडीतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. तिथे पोचल्यावर गाडीत तेच निघणार, जे तगरला भरलं. आणि तेरचेच गोरोबाकाका! संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून मडकं पक्कं की कच्चं ते सांगितल्याची, नामदेवांना कच्चं ठरवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भाजलेलं मडकं नंतर दुरुस्त होत नाही, नवंच घडवावं लागतं. म्हणून बाहेर धाडण्याआधी वाजवून बघायचं.

आता माझ्याकडेही एक थापटणं आहे. इमेज तयार झाली की एक छोटी चाचणी तिच्या आतली यादी उघडते आणि रेपोतल्या यादीशी ताडून बघते. जुळलं नाही तर पुढे जाऊच देत नाही.

सकाळी बिलं पुन्हा गेली, धनत्रयोदशीच्या आधी पैसेही आले. बापूला सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हंजी कॅनमधलं दूध कालचंच होतं म्हण की."

इतक्या कमी शब्दांत मला नसतं जमलं. असो.