बहुवारिके, कृत्रिम : परभणी जिल्ह्यातील वापर
परभणी हा गोदावरी-पूर्णा खोऱ्यातील कापसाचा जिल्हा. कापसातील सेल्युलोज हे निसर्गनिर्मित बहुवारिक होय; कृत्रिम बहुवारिके खनिज तेलजन्य लहान रेणू साखळीने जोडून बनवितात. १९६० नंतरच्या दशकात मुंबई-ठाणे परिसरात या रसायनांचे मोठे कारखाने निघाले. पुढे विहिरीवरील लोखंडी नळांची जागा पॉलिव्हिनिल क्लोराइडाने, तागाच्या पोत्यांची बरीचशी जागा पॉलिप्रोपिलिनाने घेतली. शेततळ्यांचे अस्तर व ठिबक नळ्या बहुधा पॉलिएथिलिनाच्या असतात. जंबुपार किरणांनी नळ्या तडकू नयेत म्हणून त्यांत काजळी मिसळतात, म्हणूनच त्या काळ्या दिसतात. हा टिकाऊपणाच पुढे अडचणीचा ठरतो. पऱ्हाटी मातीत कुजते, नळीचे तुकडे कुजत नाहीत. २०१८ मधील राज्यव्यापी बंदीचा रोख पिशव्या व एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर होता. शेतातील हे तुकडे तिच्या कक्षेबाहेर राहिले.