विद्यापीठातील विद्या कोणाची?

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋण आणि कार्यकर्त्यांच्या कष्टांची नोंद असावी हे योग्यच होय. ते काम या अंकात अधिकारी मंडळी करीत आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. ज्या तत्त्वावर कोणतेही ग्रंथालय उभे असते, त्या तत्त्वाची गेल्या शंभर वर्षांत जगातील विद्यापीठांमध्ये कसोटी कशी लागली, याचा हा धावता आढावा आहे. एका सभासदाने वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेल्याने पहिल्याचे ज्ञान उणे होत नाही, हे ते साधे तत्त्व. धनधान्याला हा नियम लागू पडत नाही. विद्येला तो लागू पडतो. मग समाजाच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात जे ज्ञान जन्माला येते, ते कोणाच्या मालकीचे मानावे?

भाषेचा अभ्यासक या नात्याने प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘पेटंट’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत ‘उघडे असणे’ या अर्थाच्या धातूत आहे. राजाने मोहर लावून दिलेले, कोणीही वाचावे असे खुले पत्र म्हणजे पेटंट. मराठीत आपण त्यासाठी ‘एकस्व’ हा शब्द योजतो. त्याचा अर्थ एकट्याचे धन. मूळ शब्दात उघडेपणा आहे, तर आपल्या प्रतिशब्दात एकाधिकार. या दोन अर्थांत विरोध दिसला तरी एकस्वाच्या कायद्यात दोन्ही आहेत. संशोधकाने आपली युक्ती सविस्तर लिहून जगापुढे ठेवावी आणि त्या बदल्यात ठराविक काळ, आज सामान्यतः वीस वर्षे, तिचा उपयोग इतरांना करू न देण्याचा अधिकार राज्याने त्याला द्यावा, असा हा करार आहे. व्हेनिसच्या १४७४ च्या कायद्यापासून आणि इंग्लंडच्या १६२४ च्या कायद्यापासून ही कल्पना रुळत आली. कारागिराने आपली विद्या मुलालाच सांगून मरावे, त्यापेक्षा ती लिहून ठेवावी, हा त्यातील समाजाचा लाभ. तेव्हा एकस्व म्हणजे निव्वळ लोभ, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही.

विद्यापीठे या व्यवहारात उतरली ती संकोचानेच. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हा बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये आपले हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. पैसा मिळवावा हा त्यामागील हेतू नव्हता. दुसऱ्या कोणी त्यावर मक्तेदारी सांगू नये आणि औषधाची शुद्धता राखली जावी, ही काळजी होती. त्याच दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नात ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करण्याची रीत शोधली. मुडदूस या विकारावर ती वरदान ठरणार होती. तिच्या हक्कांची व्यवस्था पाहण्यासाठी १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांची एक संस्था स्थापन झाली आणि मिळणारे उत्पन्न पुन्हा संशोधनाकडे वळू लागले. रचना आदर्श वाटावी अशीच होती. परंतु विस्कॉन्सिन हे दुधालोण्याचे राज्य. गरिबांच्या घरी लोण्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या मार्गारीनसाठी ही रीत वापरण्याची परवानगी संस्थेने नाकारली. पुढे १९४०च्या दशकात हे एकस्व न्यायालयात टिकले नाही आणि त्या वेळी या नकारावर न्यायालयाने बोटही ठेवले. हेतू चांगला असूनही मक्त्याची सत्ता हाती आली की ती कोणाच्या तरी सोयीने वापरली जाते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

खरे वळण १९८० या एका वर्षात आले. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या खटल्यात, माणसाने घडविलेल्या सूक्ष्मजीवावरही एकस्व मिळू शकते, असा निर्णय दिला. डिसेंबरमध्ये दोन घटना घडल्या. जनुके जोडण्याच्या मूलभूत तंत्रावर कोहेन आणि बॉयर यांच्या शोधाचे पहिले एकस्व मंजूर झाले. आणि ‘बे-डोल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनावर विद्यापीठांना स्वतःच एकस्व घेण्याची मुभा मिळाली. कोहेन-बॉयर एकस्वांनी १९९७ पर्यंत पंचवीस कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न दिले. येथे एक बाब आवर्जून नोंदवावी लागेल: हा परवाना एकाच कंपनीला न देता मागेल त्याला, माफक शुल्कात, दिला गेला. त्यामुळे जैवतंत्रज्ञानाचा उद्योग अडला नाही, उलट फोफावला. मात्र इतर विद्यापीठांच्या नजरेत भरली ती उत्पन्नाची रक्कम. परवान्याची उदार रीत तितकीशी भरली नाही.

या दोन विचारांची सर्वांत मोठी झुंज मानवी जनुकसंचाच्या वाचनाच्या वेळी झाली. सुमारे तीन अब्ज अक्षरांचा हा ग्रंथ वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, ज्यांचे कार्यही अद्याप कळलेले नव्हते अशा जनुकांच्या तुकड्यांवर एकस्वासाठी अर्ज केले. प्रकल्पाचे प्रमुख जेम्स वॉटसन यांनी त्यास कडाडून विरोध केला आणि १९९२ मध्ये ते पदावरून दूर झाले. हे अर्ज १९९४ मध्ये मागे घेण्यात आले, पण प्रश्न मिटला नाही.

त्याचे उत्तर एका सूक्ष्म कृमीच्या अभ्यासकांकडून आले, हे मोठे मौजेचे आहे. इंग्लंडचे जॉन सल्स्टन आणि अमेरिकेचे रॉबर्ट वॉटरस्टन हे मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचा अभ्यास करीत. त्या छोट्या अभ्यासकवर्गात आपले नकाशे प्रसिद्धीपूर्वीच एकमेकांना देण्याची चाल पडलेली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर भरलेल्या बैठकीत हीच चाल जागतिक नियम झाली. एक हजार अक्षरांहून लांब जुळवणी तयार होताच ती चोवीस तासांच्या आत संगणकजालावर सर्वांसाठी खुली करावी, असे ठरले. ज्या व्यवसायात प्रबंध छापून येईपर्यंत टिपणवही कुलपात ठेवण्याची रीत, तेथे हा निर्णय क्रांतिकारकच म्हटला पाहिजे. एकदा खुले झालेले ज्ञान ‘नवे’ राहत नाही. म्हणून खुलेपणा हेच मक्तेदारीविरुद्धचे कवच ठरले.

क्रेग व्हेंटर यांची सेलेरा कंपनी १९९८ मध्ये मैदानात उतरली. तिच्याजवळ भांडवल होते, अधिक वेगवान यंत्रे होती आणि आपला संग्रह शुल्क घेऊन विकण्याचा मनसुबा होता. सार्वजनिक प्रकल्पाजवळ तुकड्यांचा डोंगर होता, पण ते जुळविण्याची आज्ञावली नव्हती. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील विद्यापीठात जिम केंट नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. पूर्वायुष्यात तो चलच्चित्रांच्या संगणकीय आज्ञावल्या लिहीत असे. त्याने सुमारे चार आठवड्यांत ती आज्ञावली लिहून काढली. टंकलेखनाने दुखावलेली मनगटे रात्री बर्फाने शेकावी लागत. शंभर साध्या संगणकांच्या साहाय्याने २२ जून २००० रोजी पहिली जुळवणी पूर्ण झाली. सेलेराची जुळवणी तीन दिवसांनी झाली. २६ जूनला दोन्ही पक्षांची संयुक्त घोषणा झाली आणि ७ जुलै रोजी हा मसुदा सर्व जगासाठी विनामूल्य खुला करण्यात आला. पूर्ण केलेली प्रत एप्रिल २००३ मध्ये जाहीर झाली.

खुलेपणाने नेमके काय साधले, याचा हिशेबही पुढे मांडला गेला. अर्थशास्त्रज्ञ हायडी विल्यम्स यांनी २०१३ मध्ये दाखविले, की जी जनुके काही काळ केवळ सेलेराच्या संग्रहात होती, त्यांवरील पुढील संशोधन व उपयोग वीस ते तीस टक्क्यांनी मागे पडला. तथापि त्याच विदुषीने भावेन संपत यांच्यासह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जनुकांवरील एकस्वांचा पुढील संशोधनावर तसा मोजण्याजोगा परिणाम आढळला नाही. म्हणजे अडसर प्रत्येक वेळी एकस्वाचाच असतो असे नव्हे. करारमदारांनी बंद केलेले कपाट अधिक अडसर करू शकते. कारण एकस्वाचा मजकूर निदान वाचता तरी येतो.

पण आकड्यांच्या सरासरीत माणसे हरवतात. स्तनांच्या व बीजांडकोशाच्या आनुवंशिक कर्करोगाशी निगडित असलेले पहिले जनुक १९९४ मध्ये सापडले. त्या शोधात युटा विद्यापीठ आणि मिरियाड ही कंपनी यांचा पुढाकार होता. एकस्वेही घेण्यात आली. अमेरिकेतील इतर प्रयोगशाळांना ही तपासणी करण्यापासून रोखण्यात आले आणि तपासणीचा खर्च तीन हजार डॉलरच्या वर गेला. निदानाविषयी शंका आली, तरी दुसऱ्या प्रयोगशाळेचे मत घेण्याचा मार्ग स्त्रियांना उरला नाही. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की निसर्गात आहे तसाच वेगळा काढलेला जनुकाचा अंश एकस्वास पात्र नाही. त्यानंतर अल्पावधीतच इतर प्रयोगशाळांनी ही तपासणी सुरू केली.

आपल्या घराजवळचे उदाहरण हळदीचे. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर एकस्व मिळाले. चिमूटभर हळद दाबून रक्त थांबविणारी कोणतीही आजी हे ऐकून हसली असती. परंतु एकस्व कार्यालयाला हसू पुरत नाही, लेखी पुरावा लागतो. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे गोव्यातील माशेल गावचे सुपुत्र. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ च्या लेखासह बत्तीस संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. हा विजय अखेर जतन करून ठेवलेल्या छापील पानांचा होता. जे लिहिले गेले, छापले गेले आणि सांभाळले गेले, तेच न्यायाच्या दारी बोलू शकले; जे केवळ मुखोद्गत होते, त्याला साक्षीदार मिळाला नसता.

या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. गंमत अशी, की मक्तेदारी रोखण्यासाठी निर्माण झालेला हा संग्रह बराच काळ केवळ एकस्व कार्यालयांनाच उपलब्ध होता. तो इतरांसाठी टप्प्याटप्प्याने खुला करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेच्या १९८० च्या कायद्याच्या धर्तीवरचे विधेयक २००८ मध्ये आपल्या राज्यसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. त्याच २००८ मध्ये त्याच परिषदेने क्षयरोगावरील औषधाच्या शोधासाठी खुला सहकार-प्रकल्पही आरंभिला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीही संगणकाद्वारे त्यात भाग घेऊन क्षयजंतूच्या जनुकांची माहिती तपासली व संकलित केली. मात्र त्यातून नवे औषध बाजारात आले नाही. माहिती जमविणे हजार हातांनी होते. पण औषधाच्या मानवी चाचण्यांना वर्षानुवर्षे पैसा लागतो आणि तो कोणी द्यावा, या प्रश्नाला नुसता खुलेपणा उत्तर देत नाही. खुलेपणाच्या पुरस्कर्त्यांनी ही मर्यादा नजरेआड करू नये.

या इतिहासाचे तात्पर्य एका वाक्यात बसत नाही. पण एक भेद त्यातून स्पष्ट होतो. निसर्गाचे वाचन आणि त्यातून घडविलेली वस्तू या दोहोंना एकच न्याय लावता येणार नाही. वस्तू बाजारात आणणाऱ्याला त्याच्या खर्चाचा व धोक्याचा मोबदला मिळावा. त्यासाठी मर्यादित काळाचे एकस्व, तेही उदार परवान्यासह, समर्थनीय आहे. परंतु सर्वांच्या करातून झालेले वाचन सर्वांपुढे उघडे असावे. जानेवारी २०२० मध्ये शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने वाचलेला करोना विषाणूचा जनुकक्रम ऑस्ट्रेलियातील सहकारी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत जगासाठी खुला झाला आणि दूरदूरच्या प्रयोगशाळांनी लगोलग तपासणीच्या व लसीच्या कामाला हात घातला. त्या लसींवरील हक्कांचे वाद नंतर झाले आणि ते गरीब देशांना जाचलेही. पण पहिले पान बंद असते, तर वाद घालण्याजोगी लसही इतक्या लवकर हाती आली नसती.

आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पदराला खार लावून ग्रंथ जमविले, त्यांना जनुक किंवा संगणक हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु पुस्तक कपाटात असणे आणि ते वाचकाच्या हाती पडणे यांतील अंतर त्यांना नेमके ठाऊक होते. ते अंतर कमी करण्यासाठीच त्यांनी वर्गणी अल्प ठेवली आणि दार उघडे ठेवले. इमारतीला, ग्रंथांना आणि सेवकवर्गाला पैसा लागतो, हेही त्यांनी कधी नाकारले नाही. म्हणून देणग्या मागितल्या, हिशेब चोख ठेवले. विद्या मुक्त असावी आणि तिच्या पोषणाचा भार समाजाने वाटून घ्यावा, ही त्यांची व्यवस्था होती. जगातील मोठमोठी विद्यापीठे ज्या प्रश्नाशी अजून झगडत आहेत, त्याचे एक छोटेसे, व्यवहारात टिकलेले उत्तर येथील सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी शंभर वर्षे सांभाळले आहे. दुसऱ्या शतकात पुस्तकांच्या जोडीला संगणकाचे पडदे येतील. दाराची रीत मात्र तीच राहावी.