तळटीप : उपवासकाळ

१२. उपवासकाळ : मुळात ‘चाळीस दिवस’ असे आहे; पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार येशूच्या पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरत नाहीत. चाळीस हा आकडा येशूच्या अरण्यातील उपवासावरून आला.

राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली पाने घरोघरी क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभरात ती वाळून पिवळी पडतात. पुष्कळ ठिकाणी तीच गोळा करून जाळतात. येशूच्या जयजयकाराची पाने अशी पश्चात्तापाची राख होतात, आणि या काळाचे मर्म मला यात जितके दिसते तितके कोणत्याही व्याख्येत दिसत नाही.

मराठी वाचकाने येथे एकादशी किंवा साबुदाण्याची खिचडी मनात आणू नये. कॅथलिक नियमात उपवास म्हणजे दिवसात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोनच दिवशी तो १८ ते ५९ वर्षांच्या व्यक्तींना बंधनकारक आहे. मांसवर्ज्याचा नियम वेगळा; त्यात मासळी चालते. उपवासाला प्रार्थना व दानधर्म यांची जोड हवीच, आणि पापांची कबुली देऊन देवाशी व शेजाऱ्याशी समेट करणे हा त्याचा गाभा. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी न जाता केलेला उपवास अपुरा राहतो.

पुढील प्रकरणांत ‘उपवास’ हा शब्द याच अर्थाने वाचावा.

— संपादक