जुलाब अ‍ॅस्ट्रोव्हायरसमुळे झालेत, हे लॅबमध्ये कसं ओळखतात?

रोटाव्हायरसची लस घेतलेल्या मुलालाही जुलाब होऊ शकतात, कारण जुलाब घडवणारे विषाणू अनेक आहेत. त्यातलाच एक अ‍ॅस्ट्रोव्हायरस. जुलाब, उलट्या, ताप ही लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. त्यामुळे नक्की विषाणू कोणता, हे शौचाचा नमुना तपासल्यावरच कळतं.

तपासणीच्या पद्धती कोणत्या?

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप: १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये हा विषाणू असाच दिसला. कणावर ताऱ्यासारखी आकृती दिसते, म्हणून ग्रीक ‘अ‍ॅस्ट्रॉन’वरून नाव पडलं. पण तारा साधारण दहातल्या एखाद्याच कणावर दिसतो. नमुन्यात विषाणू कमी असले तर ते हुकतात.

एलायझा: प्रतिपिंडं विषाणूचं प्रथिन पकडतात आणि रंग बदलतो. एकाच वेळी अनेक नमुने तपासता येतात, पण विषाणू कमी असल्यास निकाल चुकू शकतो.

आरटी-पीसीआर: कोविडमुळे सगळ्यांना माहीत झालेली टेस्ट. विषाणूच्या आरएनएचा डीएनए करून त्याच्या असंख्य प्रती काढतात, त्यामुळे थोडा विषाणूही सापडतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) पश्चिम भारतातल्या रुग्णांमध्ये अ‍ॅस्ट्रोव्हायरस याच पद्धतीने शोधला आहे.

मशीन तेच असलं तरी प्रायमर, म्हणजे विषाणू शोधणारे छोटे तुकडे, अ‍ॅस्ट्रोव्हायरसचेच लागतात. जुन्या आठ प्रकारांसाठी बनवलेल्या प्रायमरना नंतर सापडलेले एमएलबी आणि व्हीए हे प्रकार सापडतीलच असं नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत अडचण कुठे?

नमुना वेळेत आणि थंड ठेवून लॅबपर्यंत नेण्यात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी आश्रमशाळेत साथ आली तर पहिल्या एक-दोन दिवसांतच स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत नमुने घेऊन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवणं महत्त्वाचं. उशीर झाला तर शौचातला विषाणू कमी होतो आणि साथीचं कारण कळायचं राहून जातं.

मग प्रत्येक मुलाची टेस्ट करायची का?

नाही. अ‍ॅस्ट्रोव्हायरसवर वेगळं औषध नाही आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. टेस्टचा खरा उपयोग साथीचं कारण शोधताना किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णासाठी होतो. रिपोर्टची वाट न पाहता ओआरएस सुरू करा, बाळाचं दूध थांबवू नका, झिंक डॉक्टर किंवा आशाताईंना विचारून द्या. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.